कानपूरच्या विहिरीवरील देवदूत

सॅम्युअल बॉर्न या इंग्रज छायाचित्रकाराने 1860च्या दशकात कानपूरच्या स्मारकविहिरीची घेतलेली छायाचित्रे ही भारतातील नवगॉथिक मृत्युस्मारकाच्या आरंभीच्या छायाचित्रांपैकी होत. मध्ययुगीन युरोपातील चर्चवास्तूंच्या टोकदार कमानी आणि नाजूक दगडी जाळी यांचे एकोणिसाव्या शतकात जे पुनरुज्जीवन झाले, त्यास नवगॉथिक शैली म्हणतात. हेन्री यूलने आखलेला अष्टकोनी जाळीदार कठडा आणि त्याच्या मधोमध कार्लो मारोकेट्टीने घडवलेला, नजर खाली झुकवून उभा असलेला संगमरवरी देवदूत, असे हे स्मारक होते.

या छायाचित्रांमागील इतिहासाचा एक धागा थेट विदर्भातील पांढरकवड्याशी जुळतो. एप्रिल 1818मध्ये पांढरकवड्याजवळ शिवणी येथे इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने पेशवा दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. जूनमध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, त्याची रवानगी झाली. 1851मध्ये तो वारल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने हा तनखा त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना नाकारला. पुढे 1857च्या जूनमध्ये कानपूरच्या उठावाचे नेतृत्व नानासाहेबांकडे आले, आणि जुलैच्या मध्यास तेथील बिबीघर या घरात कैदेत असलेल्या इंग्रज स्त्रिया व मुले मारली जाऊन त्यांची प्रेते शेजारच्या याच विहिरीत टाकली गेली. इंग्रजांनी त्याचा जो निर्घृण सूड घेतला, त्यात बळी पडलेल्यांसाठी तेथे एकही कमान उभारली गेली नाही, ही गोष्ट ही चित्रे पाहताना विसरता येत नाही.

बॉर्न ओल्या कलोडियनच्या पद्धतीने काम करी. काचेवर हे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावयाची, असा हा क्रम असे. प्रकाश काचेवर काही सेकंद तरी पडू द्यावा लागत असल्याने हलणारी माणसे पुसट उमटत, अचल संगमरवर मात्र जाळीच्या प्रत्येक नक्षीसह स्पष्ट येई. पण या चित्रांतील निर्मनुष्य शांतता निव्वळ तंत्राची देणगी मानता येत नाही, कारण भारतीयांना परवान्यावाचून स्मारकाभोवतीच्या बागेत पाऊल टाकता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर देवदूत आणि कठडा दोन्ही कानपूरच्या मेमोरियल चर्चच्या आवारात हलवण्यात आले, आणि विहिरीच्या जागेवरील बागेला नानाराव पार्क हे नाव मिळाले. तेथे आता तात्या टोपे यांचा पुतळा आहे.