विश्लेषण : मिठाला पाणी सुटते, तेव्हा सिगारला बुरशी लागते! चांगला ह्युमिडॉर ओळखायचा कसा?

दुबईच्या विमानतळावरून घेतलेला किंवा परदेशातल्या नातेवाइकाने भेट दिलेला सिगारचा डबा अनेक घरांत कपाटात पडून असतो. काही जण त्यासाठी चकचकीत लाकडी पेटीही विकत घेतात. तरीही जुलैत पेटी उघडली की सिगारवर पांढरी बुरशी दिसते किंवा बाहेरच्या पानाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडलेली असतात. पेटी महागाची असूनही असे का होते? ही पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, नेमके करते काय आणि घेताना तिच्यात काय पाहायचे?

ह्युमिडॉर म्हणजे काय?

सिगार म्हणजे आंबवून मुरवलेल्या तंबाखूच्या पानांची गुंडाळी. हे पान कापसासारखे असते. भोवतालची हवा दमट असेल तर ओलावा शोषते, कोरडी असेल तर सोडून देते. फार कोरडी झालेली सिगार ठिसूळ होते, तिचे बाहेरचे पान तडकते आणि ती भराभर, जास्त गरम जळते. फार ओली झाली तर फुगते, उकलते आणि नीट पेटत नाही. म्हणून तिच्याभोवतीची हवा वर्षभर एकाच आर्द्रतेवर ठेवायची असते. हे काम करणाऱ्या पेटीला, कपाटाला किंवा अख्ख्या खोलीला ह्युमिडॉर म्हणतात.

पेटीला तिच्या मालकामुळेही मोल येते. १९६१ मध्ये अमेरिकी विनोदवीर मिल्टन बर्ल यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना अक्रोडाच्या लाकडाचा ह्युमिडॉर भेट दिला होता. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात तो ५ लाख ७४ हजार ५०० डॉलरला विकला गेला. अर्थात, ही किंमत केनेडींच्या नावाची होती. आर्द्रता राखण्याचे काम बऱ्याचदा काहीशे रुपयांचा प्लास्टिकचा डबाही करू शकतो. त्याविषयी पुढे.

'७०-७०'चा नियम कुठून आला आणि इथे तो का फसतो?

सिगारविषयी कुठेही वाचले तरी एक नियम हमखास भेटतो : ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस. हा नियम थंड देशांतला. हवानाची हवा मुळातच दमट असते. तिथली सिगार लंडन किंवा न्यूयॉर्कला पोहोचली की हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात ती वाळते. त्यामुळे तिकडच्या ह्युमिडॉरचे मुख्य काम आतल्या हवेला ओलावा पुरवणे हेच. पेटीसोबत स्पंजाचा छोटा तुकडा येतो, त्यात पाणी घालायचे, झाले.

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर प्रश्न नेमका उलटा असतो. बाहेरची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ओलावा पुरवण्याची गरजच नसते, तो बाहेर ठेवायचा असतो. स्पंज फक्त ओलावा देऊ शकतो, घेऊ शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात मात्र दुपारची हवा इतकी कोरडी असते की पेटीची फट जराशी जरी राहिली तरी आतला ओलावा निघून जातो. पुण्यात तर एकाच वर्षात दोन्ही टोके अनुभवायला मिळतात. म्हणजे आपल्याकडच्या पेटीला दोन्ही दिशांनी टिकाव धरावा लागतो.

बाहेरची हवा धोक्याच्या पातळीवर गेली हे ओळखायची खूण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. सिगारवर बुरशी धरायला लागते ती साधारण याच पातळीपासून पुढे. त्यामुळे उष्ण, दमट शहरांत ७० टक्क्यांच्या काठावर राहण्यापेक्षा ६२ ते ६५ टक्के ठेवणे शहाणपणाचे. तापमान जितके जास्त, तितकी बुरशी वेगाने वाढते, म्हणून थोडी जागा राखून ठेवलेली बरी.

तापमानाकडे दुर्लक्ष का नको?

सगळे आर्द्रतेबद्दल बोलतात, पण आपल्याकडे नुकसान करण्यात तापमानही मागे नाही. कारण आहे एक किडा. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी. घरात हळद, धणे किंवा सुंठीच्या डब्यात कधी बारीक भुंगा दिसला असेल, तर भेट झालेलीच असण्याची शक्यता आहे. याची अंडी तंबाखूच्या पानात असू शकतात. तापमान २० अंशांखाली असेल तर ती जवळपास निपचित राहतात. २४-२५ अंशांच्या पुढे अळ्या बाहेर येऊ लागतात आणि सिगार आतून पोखरतात. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ घरातले तापमान याच्या वरच असते.

अनेक उत्पादक माल पाठवण्यापूर्वी तो गोठवतात, पण प्रत्येक डब्याबाबत तशी खात्री देता येत नाही. घरी उपाय करायचा तर सिगार हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर, असा टप्प्याटप्प्याने करावा. पिशवी मात्र खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. नाहीतर थंड पानावर बाहेरच्या हवेचे दव जमते. सिगार कायमच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्लाही दिला जातो, पण आजकालचे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा कोरडी करतात आणि शिळ्या भाजीचा वास पानात मुरतो तो वेगळाच.

एसीच्या खोलीचेही असेच. एक घनमीटर हवेत २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे ३० अंश आणि ७० टक्क्यांची हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातून पाणी सुटू लागते. रात्रभर एसीत गार झालेली पेटी सकाळी खिडक्या उघडून दमट हवेत उघडली तर आतल्या बाजूला दव धरणारच. पेटी एसी चालू असतानाच उघडावी. ती खिडकीजवळ, फ्रिजच्या वर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नये. दिवसभर फारसे तापमान न बदलणारे आतले कपाट चांगले.

लाकूड कोणते असावे?

आतल्या अस्तरासाठी 'स्पॅनिश सीडर' हे लाकूड सर्वोत्तम मानले जाते. गंमत अशी की ते स्पेनचेही नाही आणि सीडर, म्हणजे देवदारही नाही. सेड्रेला ओडोराटा नावाचे हे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तसेच कॅरिबियन बेटांवर वाढते. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. आपल्याकडचे तूण हे झाडही याच कुळातले. जुन्या वर्गीकरणात तर ते सेड्रेलामध्येच धरले जात असे. हे लाकूड ओलावा शोषून हळूहळू परत देते, दमट हवेत फारसे वाकत नाही आणि त्याचा वास किड्यांना फारसा रुचत नाही. वास किड्यांना शंभर टक्के रोखतो, हा दावा मात्र विक्रेत्यांचा.

या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंधही आहेत. बेसुमार तोडीमुळे सेड्रेला २८ ऑगस्ट २०२० पासून 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याशिवाय होऊ शकत नाही. त्यामुळे फारच स्वस्त पेटीवर 'अस्सल स्पॅनिश सीडर' लिहिलेले असेल तर शंका घ्यायला जागा आहे. अशा पेटीत बहुधा कागदासारखे पातळ व्हिनियर असते, ते ओलावा सांभाळण्याचे काम करत नाही. झाकण उघडून वास घ्या. सिगारच्या डब्यासारखा मंद, गोडसर वास आला तर ठीक. गोंद किंवा पॉलिशचा आला तर तोच वास पुढे सिगारला येणार. आत चिकट थेंब दिसले तर लाकूड नीट वाळवलेले नाही, त्यातून राळ झिरपते आहे.

बाहेरचा सांगाडा एमडीएफचा आहे म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. भरीव लाकूड ऋतूंप्रमाणे फुगते-आकसते, चांगला एमडीएफ तुलनेने स्थिर राहतो. अट एकच : त्याची एकही कड उघडी नसावी. उघड्या कडेतून एमडीएफ पाणी पितो आणि एका पावसाळ्यात फुगतो. कोपऱ्यांचे सांधे नुसते चिकटवलेले नसून खाचा पाडून एकमेकांत बसवलेले असावेत. बिजागरी हलत असेल तर झाकण कधीच सरळ बसणार नाही.

दुकानातच कोणती चाचणी करता येईल?

सगळ्यात महत्त्वाचे झाकण. चांगल्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूने लाकडी कड असते, ती पेटीत घट्ट उतरते. झाकण वरून सोडले तर ते धाडकन आपटू नये. आतली हवा दाबली जाऊन शेवटचा इंचभर ते हळू बसले पाहिजे. दुसरी चाचणी : कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. तिसरी, मोबाइलचा टॉर्च लावून फोन आत ठेवा, झाकण लावा आणि दुकानातला दिवा क्षणभर मालवायला सांगा. जिथून प्रकाश दिसेल तिथून ओलावाही जाईल-येईल. काचेच्या झाकणाच्या पेट्या दिसायला छान, पण काच बसवलेल्या जागी फट राहण्याची शक्यता जास्त. शिवाय प्रकाशाने पान फिके पडते.

पेटीवर '५० सिगार' लिहिले असेल तर ४० पेक्षा जास्त मावतील अशी अपेक्षा ठेवू नका. हवा फिरायला जागा लागते.

पेटीच्या पुढे बसवलेल्या गोल काट्याच्या आर्द्रतामापकावर मात्र विसंबू नये. तो दहा टक्क्यांनी चुकणे नवलाचे नाही. दोन-तीन टक्क्यांच्या अचूकतेचा छोटा डिजिटल मापक वेगळा घ्यावा. ब्लूटूथचा घेतला तर पेटी न उघडता फोनवर आकडा दिसतो. तोही तपासता येतो, पुन्हा मिठानेच. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने लगदा करायचा, पाणी वर तरंगता कामा नये. तो मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचा. मापकाने ७५ दाखवायला हवे. ७१ दाखवले तर यापुढे प्रत्येक आकड्यात चार मिळवायचे.

स्पंज की पॅक?

आपल्या हवेला स्पंज उपयोगाचा नाही, 'टू-वे' पॅक घ्यावेत. त्यांच्यात मिठासारख्याच क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि वेष्टनातून फक्त वाफ आरपार जाते. हवा कोरडी झाली तर पॅक ओलावा देतो, दमट झाली तर घेतो. ६५, ६९, ७२ असे ठरावीक आकड्यांचे पॅक मिळतात. साधारण २५ सिगारच्या जागेला ६० ग्रॅमचा एक पॅक धरतात. पण पॅकलाही मर्यादा आहे. झाकणात फट असेल तर एक पॅक मुंबईच्या अख्ख्या पावसाळ्याला पुरा पडणार नाही. तो पाणी पिऊन टम्म फुगेल.

म्हणूनच झाकणाला रबरी रिंग असलेला, खाद्यपदार्थांसाठीचा साधा हवाबंद डबा आणि त्यात एक ६५ चा पॅक ही जोडी किनारपट्टीवर अनेक लाकडी पेट्यांपेक्षा चांगली टिकते. डबा नवा आणि वासरहित हवा, आधी लोणच्याचा नको. दिसायला तो ह्युमिडॉर वाटत नाही, हे खरे. विजेवर चालणारे कपाट तापमानाचा प्रश्न सोडवते, पण स्वस्त कपाटांतले पेल्टियर तंत्र बाहेर ३५ अंश असताना दमते आणि थंड पट्टीवर हवेतला ओलावा गोठवून आतली हवा कोरडी करते. खर्च करायचाच तर कॉम्प्रेसरचे पाहावे.

या सगळ्याने सिगार कमी घातक होते का?

नाही. नीट साठवलेली सिगारही तंबाखूच आहे. धूर छातीत ओढला नाही तरी तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. घरात लहान मुले असतील तर पेटीला कुलूप हवे, कारण तंबाखू गिळल्यास निकोटिनची विषबाधा होते. बुरशी लागलेली सिगार पुसून वापरू नये. पांढरी पूड म्हणजे 'मुरल्याची खूण' असे कुणी सांगितले तरी ती बुरशी समजूनच टाकून द्यावी.

पेटी घरी आल्यावर पहिले काम काय?

सिगार लगेच भरू नयेत. नव्या पेटीचे लाकूड आधी योग्य ओलाव्याला आणावे लागते. ओल्या फडक्याने आतून पुसण्याचा सल्ला टाळावा, त्याने लाकूड फुगून झाकण वाकडे होते. आधी रिकाम्या पेटीत नुसता मापक ठेवून एक दिवस आकडा पाहा. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात तो ५० च्या खाली असेल तर तयारीसाठी मिळणारे ८४ टक्क्यांचे पॅक दोन आठवडे आत ठेवतात. पावसाळ्यात मुंबईत आणलेली पेटी मात्र दुकानातूनच ओली आलेली असू शकते. तिथे आकडा ७० च्या वर असेल तर झाकण उघडे ठेवून तिला एसीच्या खोलीत दोन-तीन दिवस राहू द्यावे.

त्यानंतर ६५ चा पॅक आणि मापक आत ठेवून पेटी पाच-सहा दिवस न उघडता खोलीत ठेवावी. एक मापक बाहेर, एक आत. बाहेरचा आकडा ८० वर गेला तरी आतला ६५ च्या दोन-तीन टक्के मागेपुढे राहिला, तर झाकण चांगले आहे. बाहेरच्यासोबत आतलाही चढू लागला तर पेटी परत करावी. ऑनलाइन मागवली असेल तर परत पाठवण्याची मुदत अनेकदा सात ते दहा दिवसांचीच असते, त्यामुळे ही चाचणी खोके उघडल्याच्या दिवसापासूनच सुरू करावी.