टोचन लावण्यापूर्वी : गाडी ओढली जाईल का, यापेक्षा थांबेल का, हे पाहा

क्लच जळालेली, बॅटरी उतरलेली किंवा पावसाच्या पाण्यात बंद पडलेली मोटार रस्त्याकडेला उभी आहे आणि तिच्या मदतीला गावातील कुणाची तरी जुनी पिकअप धावून आली आहे, हे दृश्य गोमंतकीयांना अपरिचित नाही. दोरखंड काढला जातो, दोन गाठी मारल्या जातात आणि 'टोचन' लावून गाडी गॅरेजच्या दिशेने निघते. त्या वेळी एकच प्रश्न विचारला जातो : पिकअप ओढेल ना? बहुतेकदा ती ओढते. डिझेल इंजिनाला खालच्या गियरमध्ये भरपूर जोर असतो आणि सपाट रस्त्यावर चाकांवर उभी असलेली मोटार हलवायला फार ताकद लागतही नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. ही जोडगाडी वेळेवर थांबेल का?

छोट्या मोटारीचे वजन साधारण पाऊण टन असते, तर मोठ्या एसयूव्हीचे दीड ते दोन टनांच्या घरात जाते. पिकअपच्या हौद्यात एवढा माल भरता येतो म्हणून तेवढ्याच वजनाची गाडी मागे बांधता येईल, असा समज सर्रास आढळतो. हौद्यातील मालाचा भार पिकअपच्या चाकांवर पडतो आणि त्यामुळे टायरांची पकड वाढते. मागे बांधलेल्या मोटारीचे वजन मात्र तिच्या स्वतःच्या चाकांवर असते. पिकअपला त्याचा धक्का बसतो, पकड मिळत नाही. रिकाम्या पिकअपची मागची चाके मुळातच हलकी असतात. ओल्या रस्त्यावर ती सहज घसरतात.

पाच मीटरांचा हिशेब

केंद्र सरकारच्या १९८९ च्या रस्ता नियमावलीने टोचनाचा वेग ताशी २४ किलोमीटर आणि दोन गाड्यांमधील अंतर जास्तीत जास्त ५ मीटर असे ठरवून दिले होते. २०१७ मध्ये वाहनचालनाची नवी नियमावली आली. तरीही या दोन आकड्यांमागील तर्क आजही समजून घेण्यासारखा आहे.

ताशी २४ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे साडेसहा मीटर पुढे जाते. समोरचा ब्रेक दिवा पेटल्याचे दिसून आपला पाय पेडलवर पडेपर्यंत सहज एक सेकंद जातो. म्हणजे दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच उत्तम असले, तरी पिकअपने अचानक करकचून ब्रेक लावल्यास पाच मीटरांचे अंतर पुरत नाही आणि मागची मोटार पिकअपवर आदळते. ताशी ४० किलोमीटरला हेच अंतर अकरा मीटरांवर जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. दोर फक्त ओढू शकतो, अडवू शकत नाही. म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच ठेवावा.

जुन्या पिकअपची तपासणी

इंजिन ठणठणीत आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. ब्रेक पेडल घट्ट लागते की मऊ, हे आधी पाहावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल उतारावर तापून उकळते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. टायरवरील नक्षीची खोली नियमानुसार किमान १.६ मिलिमीटर असावी. क्लच घसरत असेल, तर चढावर तो जळण्याचा वास येऊ लागेल. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे मागचे ब्रेक दिवे. मागील मोटारीचा चालक ज्या इशाऱ्यावर विसंबून असतो तो हाच, आणि जुन्या पिकअपचा नेमका हाच बल्ब गेलेला असतो. हौदा रिकामा असल्यास मागच्या आसावर वाळूची दोन-चार पोती पक्की बांधून ठेवली, तर चाकांची पकड सुधारते.

कोणती मोटार ओढू नये

स्वयंचलित गियरच्या बहुतेक मोटारींमध्ये गियरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर गियरबॉक्स कोरडा घासला जातो. विद्युत मोटारी आणि चारही चाकांना सतत शक्ती मिळणाऱ्या गाड्या यांनाही अशीच हानी संभवते. अशा गाड्या चारही चाके उचलून, सपाट हौद्याच्या वाहनावरूनच न्याव्यात. पाण्यात बुडालेली मोटार दोराने ओढत गियरमध्ये टाकून सुरू करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास आतील दांडे वाकतात आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर नव्या इंजिनाच्या खर्चात होते.

दोर कुठे बांधावा

बंपर, स्टिअरिंगचे दांडे आणि सस्पेन्शनचे भाग ओढण्यासाठी बनवलेले नसतात. मोटारीच्या अवजारांच्या पिशवीत बहुधा एक लोखंडी कडी असते. ती बंपरवरील छोटे झाकण काढून आत पूर्ण आवळायची असते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. पिकअपच्या बाजूने दोर चेसिसला जोडलेल्या हुकालाच अडकवावा, नंतर वेल्डिंग करून बसवलेल्या शोभेच्या गार्डला नव्हे. साखळीत लवचीकता नसल्याने प्रत्येक हिसका थेट धातूवर येतो. टोचनासाठीच बनवलेला नायलॉनचा पट्टा बरा, आणि दोन्ही गाड्यांना जोडणारा लोखंडी दांडा मिळाल्यास उत्तम. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो. म्हणून गाड्या हलत असताना जवळपास कुणीही उभे राहू नये.

दोन चालक, एकच ब्रेक

मागच्या मोटारीत परवानाधारक चालक हवाच, आणि त्याच्याखेरीज कुणीही नको. किल्ली चालू स्थितीत ठेवावी, अन्यथा स्टिअरिंग जागच्या जागी अडकते. गियर न्यूट्रलमध्ये असावा. इंजिन बंद असल्याने दोन-तीनदा दाबल्यानंतर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे कठीण होते. स्टिअरिंगही जड होते. चालकाला हे आधीच सांगून ठेवावे. उभ्या गाडीतच पेडल जोराने दाबून त्याची सवय करून घेणे चांगले. दोर ढिला पडू लागला की मागच्याने हलका ब्रेक लावून तो ताणलेला ठेवायचा. थांबायचे असेल तेव्हा पुढच्याने बरेच आधी हॉर्नचा ठरलेला इशारा द्यायचा आणि मग हळूहळू वेग कमी करायचा. दोरावर रंगीत फडके बांधावे. मागच्या गाडीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या ठळक अक्षरांत 'ऑन टो' लिहावे.

घाट असेल तर थांबा

अनमोड, चोर्ला किंवा काणकोणकडे जाताना लागणारा करमल घाट दोराने बांधलेल्या गाड्यांसाठी नाही. उतारावर मागची मोटार स्वतःच्या वजनाने पुढे सरकते, दोर चाकाखाली येऊ शकतो आणि मदत नसलेला ब्रेक दर वळणाला पायाची परीक्षा पाहतो. रात्र, मुसळधार पाऊस किंवा धुके असतानाही टोचन लावू नये.

अशा वेळी प्रवाशांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी न्यावे, गाडीमागे पुरेशा अंतरावर त्रिकोणी परावर्तक ठेवावा आणि मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि अन्यत्र आपत्कालीन प्रसंगी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. अनेक विमा पॉलिसींत रस्त्यावरील साहाय्याची सोयही जोडलेली असते. तिचा क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवावा. उचलून नेणाऱ्या वाहनाची तास-दोन तास वाट पाहावी लागेल, काही हजार रुपयेही मोजावे लागतील. परंतु पिकअपच्या ब्रेकबद्दल मनात शंका असेल, तर कितीही आग्रह झाला तरी दोर सोडून ठेवावा आणि वाट पाहावी.