आशियाचा अभ्यास कुठून सुरू करायचा?

अकरावी-बारावीच्या मुलांसमोर मी आशियाचा विषय काढला, की एक प्रश्न हमखास येतो : "सर, चीन-जपानचा इतिहास आपल्याला कशाला?" आज त्याचं उत्तर एका उदाहरणाने देतो.

सातव्या शतकात उत्तरेत सम्राट हर्षवर्धन होता आणि दख्खनमध्ये बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी. पुलकेशीने हर्षाला रोखलं, हे आपण शाळेत वाचतो. पण हे कळलं कशावरून?

एक साक्षीदार कर्नाटकात आहे. ऐहोळेच्या मेगुती जैन मंदिरावर इ.स. 634 चा संस्कृत शिलालेख आहे. कवी रविकीर्तीने त्यात हर्षाच्या पराभवाचं वर्णन केलंय. पण रविकीर्ती पुलकेशीचाच आश्रित! तो राजाची स्तुती करणारच. मग एवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

दुसरा साक्षीदार चिनी आहे. बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग भारतभर फिरला, नालंदेत शिकला आणि 645 मध्ये मायदेशी परतला. त्याच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्रही आहे. इथली माणसं साधी, उपकार न विसरणारी, पण अपमानाचा सूड घेणारी, असं तो सांगतो. हर्षाला हा प्रदेश जिंकता आला नाही, हेही तो नोंदवतो. आता गंमत बघा. हर्षाने त्याचा मोठा सन्मान केला होता. त्याच हर्षाचं अपयश लिहून त्याला काय मिळणार होतं? म्हणून ही साक्ष मोलाची.

अर्थात, त्यालाही प्रश्न विचारायचे. तो यात्रेकरू होता, त्यामुळे मठ आणि स्तूप त्याला आधी दिसले. शिवाय तो चीनच्या सम्राटासाठी लिहीत होता.

आशियाचा अभ्यास म्हणजे देश आणि राजधान्या पाठ करणं नव्हे. शेजाऱ्यांनी काय लिहून ठेवलंय ते आपल्या पुराव्याशेजारी ठेवायचं आणि प्रत्येकाला विचारायचं : तू कोण, कुणासाठी लिहितोस, तुला हे कसं कळलं? हे प्रश्न विचारले नाहीत, तर जो मोठ्याने सांगेल त्याचाच इतिहास आपण खरा मानू.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला, एक काम करा. आशियातला एकच देश निवडा आणि तिथल्या कुणी आपल्या भागाबद्दल काही लिहिलंय का, ते शोधा. सुरुवात तिथूनच होते.