कायद्याचा खर्च आधी विचारा

लोकसभेत विधेयक आले की कायदा हवा की नको यावर वाद रंगतो. त्याला पैसा किती लागेल आणि तो कोण देणार, हा प्रश्न मागे पडतो. तो विचारण्याची सोय मात्र नियमांतच आहे.

वित्तीय ज्ञापन

लोकसभेच्या नियम ६९ नुसार खर्चाच्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावेच लागते. खर्च कोणत्या कलमांमुळे होणार, त्यातला आवर्ती किती आणि अनावर्ती किती, याचा अंदाज त्यात असतो. सदस्यांच्या नजरेतून सुटू नयेत म्हणून ही कलमे ठळक किंवा तिरप्या टायपात छापायची असतात.

राष्ट्रपतींची शिफारस

भारताच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर अनुच्छेद ११७(३) प्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कोणतेही सभागृह विधेयक मंजूर करू शकत नाही. राज्यांत अनुच्छेद २०७ नुसार ही शिफारस राज्यपालांची असते.

हिशेबाबाहेरचा बोजा

खरी त्रुटी अंदाजात न धरलेल्या खर्चाची आहे. चेक न वटणे हा १९८८ च्या दुरुस्तीने फौजदारी गुन्हा झाला. खटले वाढले, त्या मानाने न्यायाधीश आणि कर्मचारी वाढले नाहीत. २०१९ अखेर असे ३५ लाखांहून अधिक खटले प्रलंबित होते. नव्या कायद्यामुळे न्यायालयांवर पडणारा खर्चही वित्तीय ज्ञापनात दाखवावा, अशी शिफारस न्या. जगन्नाथ राव समितीने २००८ मध्ये केली.

महाराष्ट्राने केलेली तजवीज

रोजगार हमीसाठी पैसा कुठून आणायचा, हे महाराष्ट्राने आधी ठरवले. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, रोजगार हमीचा कायदा त्यानंतर १९७७ मध्ये. पगारदारांच्या पावतीवर आजही दिसणारी ही कपात मुळात गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून सुरू झाली.

आता काय हवे?

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने काँग्रेसचे अर्थसंकल्प कार्यालय उभे राहिले. समितीने संमत केलेल्या विधेयकांचा खर्च ते सरकारपासून स्वतंत्रपणे मांडते. आपल्याकडे जे खाते विधेयक आणते, तेच खर्चाचा अंदाजही देते. संसदेला स्वतःचे असे कार्यालय हवेच. तोवर लोकसभेच्या संकेतस्थळावर विधेयक उघडून त्याचे वित्तीय ज्ञापन वाचा, आणि त्यातला आकडा कसा काढला हे आपल्या खासदाराला विचारा. पैसा आपला आहे, तेव्हा विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.