कडू निघालेले फळ

बाजारातून विश्वासाने आणलेले फळ कापावे आणि पहिल्याच फोडीला चव भलतीच निघावी, हा अनुभव प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. उतरलेल्या कलिंगडाला आंबूस झाक येते, कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकविलेल्या आंब्याला कधी लसणासारखा उग्र दर्प येतो. अशी फळे आपण नाक मुरडून बाजूला सारतो. परंतु काकडी, खरबूज आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच असलेला दुधी, या एकाच कुळातील फळांचा कडूपणा मात्र आपण सोसतो. इतकेच नव्हे, तर गुणकारी मानतो.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी इंदूरच्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. तासाभरात आठ-दहा उलट्या, शेवटच्या दोन रक्तमिश्रित. हातपाय गार, नाडी जलद व क्षीण. बाहेरचे खाणे, औषधे, घरातील ॲसिड, सर्व विचारून झाले. अखेर मुलगाच क्षीण आवाजात म्हणाला, "मी सांगितलं होतं कडू आहे म्हणून. आजोबा म्हणाले, औषध समजून पी." आजोबा रोज दुध्याचा रस घेत. त्या दिवशी अर्धा पेला नातवाला दिला होता, कडू लागतो म्हणून वर मध घालून. त्यांचेही पोट दुखत होते, पण ते बोलले नव्हते. शिरेतून सलाइन आणि जठरातील आम्ल कमी करणारी औषधे दिली. तीन दिवसांनी मुलगा घरी गेला.

या कुळातील वनस्पती किडी-प्राण्यांपासून बचावासाठी क्युकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. शेकडो वर्षांच्या निवडीतून माणसाने गोड वाण घडविले. तथापि ती क्षमता नष्ट झालेली नाही, केवळ निजलेली आहे. काकडीतील या कडूपणामागे नऊ जनुके असल्याचे २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी दाखविले. रानटी वाणाशी संकर झालेल्या फळाचे बी पेरले, किंवा वेलाला कडक ऊन व पाण्याचा ताण सोसावा लागला, की कडूपणा पुन्हा जागा होतो. बाहेरून पाहून काही कळत नाही. रंग, आकार, तजेला, सारे नेहमीसारखेच. शिजवूनही ही द्रव्ये नाहीशी होत नाहीत.

पावसाळ्यात सैलान्याकडून येणारी बालम काकडी असो की साधी हिरवी, देठाकडचा तुकडा कापून त्यानेच घासून फेस काढण्याची आपली घरगुती रीत आहे. देठाकडे कडूपणा अधिक असतो, म्हणून तो भाग टाकणे योग्यच. फेसाने मात्र आतील कडूपणा निघतो असे मानू नये.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा कडू दुध्याच्या रसावरील अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखावा, कडू असल्यास फळ टाकून द्यावे, रसात दुसरा रस मिसळू नये, असे त्यात सांगितले आहे. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांनुसारच. तेव्हा अचानक उलट्या व रक्तस्राव घेऊन आलेल्या रुग्णाला सकाळच्या रसाविषयी विचारायला आपण डॉक्टरांनी विसरू नये. लहान मुलांची जीभ कडू चवीला मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. वयपरत्वे ती बोथट होते. त्या घरात नातवाला जे कळले ते आजोबांना तितकेसे जाणवले नव्हते, त्यात त्यांच्या पेल्यात आले आणि आवळाही होता.

अर्थात जीभ प्रत्येक वेळी सावध करीलच असे नाही. मुझफ्फरपूरच्या मुलांच्या मेंदूविकाराचा संबंध लिचीशी असल्याचे २०१४ च्या साथीच्या तपासात आढळले. ती लिची चवीला गोडच असते. रात्री न जेवता झोपलेल्या मुलाची रक्तशर्करा तिच्यातील द्रव्यांमुळे घसरते.

त्या आजोबांच्या घरी उरलेला दुधी फ्रीजमध्येच होता. मी तो मागविला आणि एक कण जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकला. चार वेळा चूळ भरली, तरी दुपारच्या चहापर्यंत तोंडाचा कडूपणा गेला नाही.