वनांतील गोचीड

गुरांच्या कानांत रुतून बसलेली गोचीड आम्हीं सर्वांनीं पाहिली आहे. ती कीटक नव्हे. कोळी व विंचू यांची ती भाऊबंद होय. सह्याद्रीच्या वनांत ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ नांवाची, पाठीवर कठीण ढाल असलेली तिची एक जात आढळते. अंड्यांतून निघालेल्या पिलास सहा पाय असतात. रक्त पिऊन कात टाकली म्हणजे आठ होतात. पुन्हां तसेंच होऊन तें प्रौढ होतें. प्रौढ गोचीड बहुधा गुरांस लागते. मनुष्यास मात्र मधल्या अवस्थेंतील खसखशीएवढें पिलूं चावतें, आणि तें सहसा दिसत नाहीं.

१९५७ सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांतील क्यासनूर वनांत माकडें मेलीं व माणसें तापानें पडलीं. त्या तापाचा विषाणु मुख्यतः हिच्या चाव्यानें पसरतो. २०१५ सालीं तो गोव्यांतील सत्तरींत व २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्गांत आढळला.

माकड मेलें कीं गोचिडी त्यास सोडून आसपास पसरतात. म्हणून तेथें न जातां वडिलांकरवीं आरोग्य केंद्रास कळवावें. रानांतून आल्यावर ऊन पाण्यानें स्नान करून अंग व कपडे तपासावे. गाईच्या अंगावरची टपोरी गोचीड आम्ही वेंचून काढतों. तितकीच नजर स्वतःच्या अंगावरही असावी.