सोळा घरं आणि हळू वाजणारे ठोके



गॅदरिंगची तयारी सुरू झाली की आमच्या नाचणगावचे पोट्टे हाती येईल ते बडवतात. बाक, डबा, कंपासपेटी, काहीही! "हळू वाजवा रे" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सर, हळू वाजवलं तर ऐकू कसं येईन?" म्हणून यंदा मी त्यांना एक अमेरिकन ठेका शिकवला.

गाणं 'फंकी ड्रमर', गायक जेम्स ब्राऊन, ड्रमवादक क्लाईड स्टबलफिल्ड. ध्वनिमुद्रण २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी शहरात झालं. फंक हा संगीतप्रकार साठच्या दशकात आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांनी घडवला. त्यात सुरावटीपेक्षा ठेक्याला मान जास्त आणि पहिल्या ठोक्यावर जोर. आपण त्याला सम म्हणतो. स्टबलफिल्ड यांचं बालपण चॅटानूगा गावात गेलं. तिथल्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत त्यांचा ठेका घडला. आमच्या मुलांना हे लगेच पटलं, कारण शेजारच्या पुलगावहून जाणारी मालगाडी त्यांच्या रोजच्या ओळखीची.

कृती अशी

फळ्यावर १ ते १६ अशी घरं आखा आणि संथ लयीत मोजा.

- उजवा हात : प्रत्येक घरावर बाकावर हलकी टिचकी
- डावा हात, जोरात : ५, १३
- पाय जमिनीवर : १, ३, ११, १४
- डावा हात, फक्त बोटांच्या टोकांनी : ८, १०, १२, १६

एकदम सगळं घेऊ नका. आधी दोन्ही हातांचे पहिले दोन भाग, मग पाय, आणि हळू ठोके सगळ्यात शेवटी.

तबला शिकणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, "सर, हा त् तीनतालच होय!" मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. तीनतालात १६ मात्रा, टाळी १, ५, १३ वर आणि काल ९ वर. इथेही ५ आणि १३ वर जोर, आणि नवव्या घरात पाय नाही, डावा हातही नाही! हा योगायोगच, पण तबला-पेटीच्या वर्गाला जाणाऱ्या मुलांना त्याने मोठा आधार मिळतो.

आता प्रयोग करा. हळू ठोके गाळून वाजवा, ठेका कोरडा पडतो. तेच जोरात वाजवा, नुसता गोंगाट होतो. हळू वाजवलं की ठेका चालू लागतो. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच बोटांनी दिलं.

पुढची गोष्टही मुलांना जरूर सांगा. या गाण्यातला ड्रमचा छोटा तुकडा पुढे हजाराहून अधिक गाण्यांत उचलला गेला. पण रचनाकार म्हणून नाव ब्राऊन यांचं होतं, त्यामुळे स्टबलफिल्ड यांना त्याचं मानधन मिळालं नाही. २०१७ मध्ये ते गेले. वर्गात क्षणभर शांतता. मग मागून आवाज आला, "मंग त्याचं नाव तरी लिहाचं होतं न सर!"

यंदा आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नाचणाऱ्यांच्या नावांखाली डबा वाजवणाऱ्यांचीही नावं असतील. पालकहो, घरी मूल ताट वाजवू लागलं तर लगेच रागावू नका. आधी विचारा, "यातला हळू ठोका कोणता?"